ज्युनिअर, तर्फे अ.पा.क. आई

दहावीची परीक्षा संपली की राळेगावातली पोरं पांगतात. काही मामाच्या गावी जातात, काही नीटच्या क्लासची चौकशी करायला यवतमाळ-नागपूर गाठतात, काहींना बाप वावरात पऱ्हाट्या उपटायला नेतो. कोर्टाकडे मात्र एखादाच वळतो. पण दरसाल एक तरी वळतोच. माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान कोर्टाच्या फाटकासमोर असल्यामुळे हा नग मला रस्त्याच्या पलीकडूनच ओळखू येतो. शाळेचाच पांढरा शर्ट, फक्त खिशावरचा बिल्ला उसवलेला, त्यामुळे तेवढा चौकोन बाकी शर्टापेक्षा जास्त पांढरा. खिशात दोन पेनं, एक निळं, एक लाल. काखेत प्लॅस्टिकची फाइल, तिच्यात त्याची स्वतःचीच गुणपत्रकं. आणि चाल भलती घाईची. हीच खूण पक्की. कोर्टाच्या आवारात घाईनं दोघंच चालतात : ज्याचं वॉरंट निघालंय तो, आणि हा.

नाव काहीही असो, आठवड्याच्या आत सगळे त्याला ‘ज्युनिअर’ म्हणू लागतात. खऱ्या ज्युनिअर वकिलांना याचा राग येतो, पण त्यांच्या रागाला विचारतो कोण?

मी सांगतोय तो २०२५ च्या उन्हाळ्यातला ज्युनिअर. तो पहिल्यांदा दुकानात आला तो अर्ज टाइप करून घ्यायला. ‘विषय : वकिलीचा अनुभव मिळणेबाबत.’ खाली ‘महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून’ वगैरे रीतसर. मग पात्रता. वक्तृत्व स्पर्धेत तालुक्यात दुसरा क्रमांक. घरच्या धुऱ्याच्या वादात आजोबांसोबत कोर्टात हजर राहिल्याचा पूर्वानुभव. शेवटी एक ठेवणीतला परिच्छेद : लोकनायक बापूजी अणे हे आपल्याच जिल्ह्यातल्या वणीचे, यवतमाळला वकिली करता करता देशाचे पुढारी झाले, करिता अर्जदारासही संधी मिळावी. ‘करिता’ या शब्दावरून मी ओळखलं की पोरगं वाया गेलेलं नाही, कामाचं आहे. त्याच्याही खाली होतं, ‘प्रत माहितीस्तव सविनय सादर : मा. तहसीलदार, मा. ठाणेदार, मा. गटशिक्षणाधिकारी.’

मी विचारलं, “यात ठाणेदाराचं काय काम रे?”

“काही नाही काका. थोडा दबाव राहते.”

हे खूळ त्याच्या डोक्यात घातलं होतं पुण्याच्या मावसभावानं. तिकडच्या बड्या शाळांतली पोरं म्हणे सुटीत वकिलांच्या ऑफिसात इंटर्नशिप करतात. इंग्लंडात तर पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांना शाळाच आठवडा-दोन आठवडे अनुभवाला म्हणून कुठल्या तरी कचेरीत, दवाखान्यात, वकिलाकडे धाडते. आपल्याकडे शाळेचा आणि कोर्टाचा संबंध येतो तो दाखल्यावरची जन्मतारीख चुकली म्हणजे. त्यामुळे पत्र कोण देणार? हेडमास्तरांनी अर्ज वाचून विचारलं होतं, “कोणी मारलं का तुला?”

मग सुरू झाली अर्जाची वरात. पहिल्या वकीलसाहेबांनी अर्ज लक्षपूर्वक वाचला, त्यातले दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि परत दिला. दुसऱ्यांनी खरा प्रश्न विचारला, “नात्यात वकील कोण हाय?”

“कोणीच नाही सर.”

“मंग केस कोनाची हाय?”

“आजोबाची. धुऱ्याची.”

“वकील कोन?” नाव सांगितल्यावर साहेबांनी चष्मा काढला. “मंग बापू, त्याईच्याकडेच जा. दोन पिढ्या चालनार हाय ते केस. तू सनद घेऊन येशीन तवरी तुलेच चालवाले भेटंल.”

तिसरे साहेब कायद्याला धरून बोलणारे. त्यांनी ज्युनिअरला बसवून घेतलं आणि ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ समजावून सांगितला. कलम २४ : सनदेसाठी वय पूर्ण एकवीस, कायद्याची पदवी आणि आणखी बरंच काही. कलम ४५ : सनद नसताना कोर्टात वकिली केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद. इंटर्नशिप म्हणशील तर बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत ती आहे, पण कायद्याच्या विद्यार्थ्यांना : पाच वर्षांच्या कोर्सला एकूण वीस आठवडे, तीन वर्षांच्या कोर्सला बारा. तीही एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही. तुझी अजून दहावी आहे. आधी बारावी कर, मग सीईटी दे, क्लॅट दे. नागपूरला आता राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे, तिथे जा. पाच वर्षं शिक. मग बार कौन्सिलची परीक्षा. मग ये.

ज्युनिअरनं सगळं वहीत उतरवून घेतलं. लाल पेनानं कलमांखाली रेघा मारल्या. मग मान वर करून म्हणाला, “सर, कायद्याच्या विद्यार्थ्यांनी करावी असं नियमात हाय. बाकीच्यांनी करू नये असं कुठं हाय?”

साहेब गप्प झाले. त्यांनी पुन्हा एकदा मनातल्या मनात नियम चाळले असावेत. मग आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, “मुन्शीजी, याले बसू द्या एका कोपऱ्यात.”

खरं तर आपल्याकडे एके काळी याहून सरळ वाट होती. १८७९ च्या लीगल प्रॅक्टिशनर्स ॲक्टात वकिलांबरोबर मुखत्यार आणि रेव्हेन्यू एजंटही होते. पदवीचा बडेजाव नसलेली, कचेरीच्या पायरीवर शिकून तयार झालेली माणसं. १९६१ नंतर ती जात सरकारदप्तरी संपली. माझ्या मते ती संपलेली नाही, तिला आता मुन्शी म्हणतात. एवढंच की मुन्शीजी कोर्टापुढे बोलत नाहीत. साहेबांनी काय बोलायचं ते मात्र आदल्या संध्याकाळी त्यांनीच ठरवलेलं असतं.

मुन्शीजींनी अर्ज वाचला आणि अणे साहेबांच्या परिच्छेदावर बोट ठेवलं. “त्याईनं १९३० साली पुसदच्या जंगलात गवत कापून कायदा मोडला होता. तुले कायदा शिकाचा हाय का मोडाचा हाय?”

“आधी शिकतो काका.”

“हां. मंग चाय सांगून ये.”

दुसऱ्या दिवशी ज्युनिअर कोट घालून आला. काळा, चुलतभावाच्या लग्नातला, खांद्यावर दोन्हीकडून चार-चार बोटं जास्त. यवतमाळ जिल्ह्यातलं एप्रिलचं ऊन ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. उन्हाळ्यात खालच्या कोर्टांत वकिलांना काळ्या कोटाची सक्ती नसते, बार कौन्सिलचाच तसा नियम आहे. त्यामुळे झालं असं, की अख्ख्या आवारात सनद असलेले सगळे वकील पांढऱ्या शर्टावर आणि सनद नसलेला एकटा कोटात. सकाळच्या तासाभरात दोन पक्षकारांनी त्याला नमस्कार घातला, एकानं ‘साहेब, माही जमानत’ म्हणून कागद पुढे केला, आणि बेलिफानं विचारलं, “नवरदेव, वरात कोन्या गावची?” जमानतवाला कागद मात्र ज्युनिअरनं हातात घेतला नाही. दोन्ही हात मागे बांधून म्हणाला, “कलम ४५.” तो बिचारा घाबरला. आपल्यावर आणखी एक कलम वाढलं असं त्याला वाटलं. मुन्शीजींनी कोट काढायला लावला आणि खुंटीला टांगला. नंतर महिनाभर तो कोट तिथेच होता, येणारेजाणारे साहेबांचाच समजत होते.

मग शिक्षण सुरू झालं. पोराची कल्पना अशी, की वकिली म्हणजे उभं राहून बोलणं. मुन्शीजींनी त्याच्या हातात दाभण दिलं. दावा, त्यामागे यादीप्रमाणे कागद, सातबारा, फेरफार, मोजणीचा नकाशा, नोटीस, पोस्टाची पोच, वकीलपत्र. सगळं थापी मारून कडेला कड लावायचं, डावीकडे दोन बोटं समास सोडून दाभणानं भोक पाडायचं आणि दोरा ओवायचा. सातबाऱ्यावरच्या आकड्यातून भोक गेलं की संपलं : गट नंबर २१४ चा २४ होतो आणि वावर भलत्याच्याच नावानं बोलायला लागतं. ज्युनिअरनं पहिल्याच दिवशी एका वादीच्या नावातून दाभण काढलं. मुन्शीजी ओरडले नाहीत. त्यांनी दोरा उसवला, कागद उजेडाकडे धरला, भोकातून ज्युनिअरकडे पाहिलं आणि म्हणाले, “याले म्हनते वादीचा खून.” मग डिंकानं मागून चिठोरं चिकटवून, पानाला आकडा टाकून पुन्हा शिवलं. दोन आठवड्यांत पोराचं बोट फुटलं, घट्टा पडला, आणि फाइल अशी शिवू लागला की नुसत्या गाठीवरून ओळखावी.

दुसरा धडा कानाचा. पुकारा. एका वेळी बाररूममध्ये गप्पा, बाहेर पक्षकारांची भांडणं, रस्त्यावर कापसाच्या गाडीचा हॉर्न, त्यातून बेलिफानं अर्धवट गिळून पुकारलेलं आपल्या पक्षकाराचं नाव टिपायचं आणि साहेबांना चहाच्या घोटातून उठवायचं. ज्युनिअरला हे चटकन जमलं. बोर्ड तर तो आदल्या रात्रीच मोबाइलवर पाहून ठेवायचा. खटल्यांचे सोळा अक्षरांचे सीएनआर नंबर त्याला तोंडपाठ. मुन्शीजी अजून पाठकोऱ्या कागदावर पेश्या लिहितात. पण ॲपमध्ये पुढची तारीख दिसली तरी ती का पडली हे मुन्शीजींनाच ठाऊक असतं, म्हणून दोघांचं पटलं.

पोराला खरा भाव आला तो नव्या कायद्यांमुळे. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता, तिच्यासोबत नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि १८६० ची दंड संहिता मागे पडली. जुन्या मंडळींची पंचाईत झाली. ज्यांनी जन्मभर तीनशे दोन, तीनशे सात, चारशे वीस हे आकडे नातेवाइकांसारखे वापरले, त्यांच्या जिभेला वळण कसं लागावं? खुनाचं कलम झालं १०३. ३०२ आता धार्मिक भावना दुखावणाऱ्या बोलण्याचं. चोरी ३०३. आणि चारशे वीस तर कलम नव्हतंच, शिवी होती. तिचं ३१८ चा ४ झाल्यावर शिवीतला दमच गेला. ‘तो माणूस पक्का तीनशे अठराचा चार आहे’ असं पारावर म्हणून बघा, कोणी ढुंकून पाहणार नाही.

ज्युनिअरनं जुन्या-नव्या कलमांचा तक्ता पाठ केला होता. बाररूमच्या दारातून कोणीही आकडा फेकायचा, हा झेलून परत फेकायचा. “तीनशे चोवीस?” “एकशे अठराचा एक!” “पाचशे सहा?” “तीनशे एक्कावन्न!” त्याला आलुबोंडे मिळू लागले. एकदा खेड्यातला एक माणूस घाबराघुबरा होऊन साहेबांपुढे आला. “साहेब, माह्यावर एकशे चव्वेचाळीस लागली.”

साहेब म्हणाले, “मोर्चात होता का?”

“नाही जी, घरीच होतो.”

“घरी किती जन जमले होते?”

“मी, माही बायको आन सासू.”

साहेब विचारात पडले. तीन माणसांवर जमावबंदी कशी लागावी? कोपऱ्यातून फाइल शिवता शिवता आवाज आला, “सर, जमावबंदी आता नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ मध्ये गेली. १४४ म्हंजे पोटगी. जुनं १२५.” साहेबांनी पक्षकाराकडे पाहिलं. पक्षकारानं मान खाली घातली. सासू घरी का आली होती ते आपोआप कळलं.

यानंतर मात्र पोरगं हाताबाहेर गेलं. घरी धाकट्या भावानं त्याच्या वाट्याचं दही खाल्लं तर ‘फौजदारी विश्वासघात, ३१६’. क्रिकेटमध्ये पायचीतचं अपील झालं की ‘संशयाचा फायदा आरोपीला’, आणि आरोपी दरवेळी बॅट धरून हाच उभा. निकालासाठी रावेरीच्या सीतामाईला नवस बोलायला आई त्याला घेऊन गेली, तर तिथेही याचा खटला सुरू. रावेरी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. टाकलेल्या सीतेनं लव-कुशांना तिथे जन्म दिला, बाळंतपणात तिनं गावाकडे पसाभर गहू मागितले, गावानं दिले नाहीत, म्हणून तिच्या शापानं तिथे गहू पिकेना, अशी कथा सांगतात. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी ते पडकं देऊळ दुरुस्त करवलं. बायकोच्या नावे सातबारा करून द्या म्हणणारी त्यांची लक्ष्मीमुक्ती जुन्या बायांना अजून आठवते. तिथे सभामंडपात बसलेल्या म्हाताऱ्यांना ज्युनिअर म्हणाला, “सीतामाईची केस एकदम पक्की होती. बायको टाकलेली, दोन पोरं अज्ञान, नवऱ्याचं उत्पन्न तर राजाचं. १४४ खाली अर्ज टाकला असता तर पोटगी बसली असती.”

एक म्हातारी पदर सावरत म्हणाली, “बसली असती बापा. पन पयल्या पेशीपर्यंत लेकरं काय खात होते?”

त्या दिवशी परत येताना तो गप्प होता, असं आई सांगत होती.

त्याच्या अनुभवातला सगळ्यात मोठा प्रसंग घडला तो माझ्या दुकानाच्या पायरीवर, साहेबांच्या नकळत. वडकीकडची एक आजी समन्स घेऊन आली होती, झेरॉक्स काढायला. दिरानं वाटणीचा दावा टाकला होता. ज्युनिअरच्या हातात ओला डिंक, तरी त्यानं कागद घेतला आणि वाचू लागला. आजीनं एकच विचारलं, “माहं वावर जाते का रे बापू?”

त्याच्या तोंडावर कलमं आली असतील, मला ती येताना दिसली. “आजी, दाव्याचं कारण असं हाय का…” तेवढ्यात मुन्शीजी मागून आले नि त्यांनी कोपर मारलं. “तारीख सांग. टाइम सांग. कोनते कागद आनाचे ते सांग. बाकी वकील सांगंल.” ज्युनिअरनं तारीख सांगितली. मग वार सांगितला. मग त्याच तारखेला गावात कोणाचं लग्न आहे का ते विचारलं, म्हणजे तिच्या लक्षात राहील. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. मुन्शीजींनी माझ्याकडे पाहिलं, मी मुन्शीजींकडे.

“वकिलाले पैसे किती लागते?” आजीनं विचारलं.

आणि पोरगं फुललं. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा, कलम १२. बाईमाणसाला उत्पन्न कितीही असो, फुकट वकील मिळतो. तालुका विधी सेवा समिती इथेच कोर्टात आहे, साध्या कागदावर अर्ज. तो अर्ज त्यानं तिथल्या तिथे लिहूनही दिला, आजीचा अंगठा घेतला आणि तिला आत सोडून आला. समोर खिडकीत साहेब पान जुळवत बसले होते. त्यांच्या हातातला चुना तसाच राहिला. “मुन्शीजी! हे पोट्टं माह्याच दारातून माहं गिऱ्हाईक पळवून रायलं!” मुन्शीजी म्हणाले, “साहेब, कलम १२.” समितीनं आजीला वकील नेमून दिला. तो नेमका कोण निघाला असेल? आमचेच साहेब, त्यांचं नाव समितीच्या यादीत होतं. सरकारी फी मिळणार, तीही सवडीनं. फाइल शिवली ज्युनिअरनंच.

मे उजाडला, कोर्टाला सुट्या लागल्या, १३ तारखेला निकालही लागला. बरे मार्क पडले. मग ज्युनिअरला आठवलं की अनुभव नुसता घेऊन भागत नाही, त्याचा कागद लागतो. मावसभावानं तसं बजावलं होतं. साहेब, मुन्शीजी आणि तो असे तिघं दुकानात आले. मी कीबोर्डवर हात ठेवून बसलो आणि मजकुरावर युक्तिवाद सुरू झाला. साहेबांची अडचण रास्त होती. ‘इंटर्न’ लिहावं तर हा कायद्याचा विद्यार्थी नाही. ‘ज्युनिअर’ लिहावं तर सनद कुठे आहे? ‘कारकून’ लिहावं तर पगार दाखवावा लागतो, आणि दिला तर होता चहा. शेवटी मुन्शीजींनी सांगितलं तसं मी टाइप केलं : ‘सदर मुलगा आमच्या कार्यालयात नियमित येऊन बसत होता. त्याची वर्तणूक चांगली आहे.’

ज्युनिअरनं ‘बसत होता’ला हरकत घेतली. त्यातून कृती दिसत नाही म्हणाला. मग ‘फायली शिवल्या’ घालावं लागलं. ‘कलमांचा तक्ता’ साहेबांनी घालू दिला नाही. आजीचा विषय निघाला तेव्हा साहेब म्हणाले, “ते लिहू नका, सगळेच पोट्टे येतीन.” प्रिंट निघाली, साहेबांनी सही ठोकली. मुन्शीजींनी दुसरी प्रत पुढे सरकवली. “मिळालं म्हनून सही कर.”

ज्युनिअरनं पेन टेकवलं आणि उचललं. “मी अज्ञान हाय काका. माह्या सहीले अर्थ नाही. आईले घेऊन येतो, अ.पा.क., म्हंजे अज्ञानाची पालनकर्ती म्हनून सही करीन ते.”

“बरं,” मी म्हटलं, “टायपिंग नि दोन प्रिंटचे तीस रुपये तरी दे.”

“काका, अज्ञानासोबतचा करारच मुळात रद्दबातल. मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष, १९०३, प्रिव्ही कौन्सिल.”

साहेबांनी कौतुकानं मान डोलावली. पण इतकी वर्षं वकिलांचे कागद टाइप करून मलाही चार गोष्टी कळतात. मी म्हटलं, “करार कायदा, १८७२, कलम ६८. अज्ञानाला गरजेची गोष्ट पुरवली तर तिचे पैसे त्याच्या मालमत्तेतून वसूल होतात. खिशात काय मालमत्ता आहे ती दाखव.”

त्यानं खिसा चाचपला. दहाची एक नोट आणि दोन पेनं. बराच वेळ तो त्या कागदाकडे बघत राहिला, मग म्हणाला, “प्रमाणपत्र गरजेच्या गोष्टीत येते का नाही, हा मुद्दा आधी काढावा लागंल. मले अभ्यासाले टाइम पायजे.” आणि साहेबांकडे वळून, “सर, पुढची तारीख द्या.”